मामांची रशियन झूम आणि जबलपूरचं लग्न

नागपूरहून जबलपूरला जायला मला निमित्त लागत नाही. या वेळी तर प्रणालीचं लग्नच होतं. ही माझ्या मामांची एकुलती मुलगी. पण मी लग्नाच्या बरंच आधी निघाले ती तिच्या फोनमुळे.

"ताई, बाबांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. लेन्स गेली म्हणते. लग्नात फोटोच नाही काढणार म्हणून राहिले. तू जल्दी आ ना. मले माळेचा फोटो त्यांच्याच हातचा पाहिजे."

मामा जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत फिटर होते. तरुणपणी त्यांनी एका सहकाऱ्याकडून सोव्हिएत बनावटीची झूम लेन्स घेतली. तो तिकडे ट्रेनिंगला जाऊन आला होता. वरवंट्यासारखी जड, सगळी धातूची, फोकस हातानेच करायचा. आमच्या खानदानातलं एकही लग्न त्या लेन्समधून सुटलं नाही. मग फिल्मचा कॅमेरा बंद पडला आणि लेन्स रुमालात गेली. प्रणालीने नोकरीला लागल्यावर त्यांना नवा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला आणि सोबत एक अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर म्हणजे काय, तर एक कडी. एका बाजूला जुन्या लेन्सचे आटे बसतात, दुसरी बाजू नव्या कॅमेऱ्यात अडकते. तुमच्याही घरी अशी लेन्स पडली असेल तर टाकू नका, ही कडी ऑनलाइन हजाराच्या आत मिळते.

रस्त्याचं सांगायचं तर सुख आहे. पेंचच्या जंगलातून जाणारा उंच रस्ता, सिवनी, लखनादौन, मग जबलपूर. सहा तास धरा, टोल-पेट्रोल मिळून अडीच हजारांच्या आतबाहेर. सिवनीजवळ सीताफळांच्या टोपल्या दिसल्या की गाडी थांबवायचीच. मी मामींसाठी एक टोपली घेतली आणि त्यातली निम्मी वाटेतच संपवली.

मदन महलला मामांच्या घरी पोचले तेव्हा दुपारच होती. अंगणात मांडववाले बांबू उतरवत होते आणि मामा खुर्चीत बसून त्यांच्या गाठींना नावं ठेवत होते. चहा झाल्या झाल्या मी त्यांना कॅमेऱ्यासकट जवळच्या मदन महल किल्ल्याच्या पायऱ्यांवर ओढत नेलं. वरून सगळं शहर दिसतं, हवाही छान होती. मामांनी फोटो काढले आणि न बघताच कॅमेरा माझ्या हातात दिला. प्रत्येक फोटोवर पांढरट पडदा. जणू कुणी वरून ताक ओतलंय.

"बुरशी लागली असन," मामा म्हणाले. "रिटायर झाली ते बी."

ते हसत म्हणाले खरं, पण मला फार वाईट वाटलं. मुलीच्या लग्नात हात बांधून बसायची त्यांनी तयारी केली होती.

मी लेन्स काढून उजेडात धरली. काच स्वच्छ. म्हणून कॅमेऱ्याकडे वळले, तर आत बसलेली कडी लखलखत होती. आतून स्टीलच्या नव्या वाटीसारखी!

"मामा, ही अशी कशी?"

"रिछाईच्या इंडस्ट्रियल एरियात दोस्ताचं वर्कशॉप हाय. तिथून घासून, बफिंग करून आणली," मामांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "आली तवा आतून काळी, खडबडीत. फिनिशिंगच नव्हतं. असा तुकडा फॅक्टरीत मी पास केला नसता."

मी पायरीवर बसून हसले. कडी आतून काळी आणि खडबडीत मुद्दाम ठेवतात, लेन्समधून आलेला उजेड तिच्यावर आपटून फोटोत शिरू नये म्हणून. मामांनी तिचा आरसा करून ठेवला होता. समजावल्यावर त्यांनी कडीच्या आतून बोट फिरवून पाहिलं.

"मंग लेन्स चांगली हाय?"

"लेन्सला काहीच नाही झालं, मामा."

"अच्छा," एवढंच म्हणाले. पण किल्ला उतरताना माझ्या पुढे होते.

सकाळी नाश्त्याला पोहे आणि खव्याची जिलबी. ही काळसर जिलबी जबलपूरची खासियत आहे, एक खाऊन थांबा असा सल्ला देते, मी स्वतः तो पाळला नाही. मग आम्ही गोहलपूरच्या गल्ल्यांत रंगाचं दुकान गाठलं आणि शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग मागितला.

"कितने बोर्ड हैं दीदी?" दुकानदाराने विचारलं.

मी कडी पुढे केली. त्याने ती पाहिली, मग आम्हा दोघांना पाहिलं, आणि मुकाट्याने सगळ्यात लहान डबा काढला.

रंग वाळल्यावर दुसऱ्या दिवशी परीक्षेला भेडाघाट. पांढरे संगमरवरी कडे, पांढरा फेस, वर ऊन. लेन्सला यापेक्षा कठीण पेपर नाही. नावेत बसाच. नावाडी यमकं जुळवत अशी कॉमेंट्री करतो की कड्यांकडे बघायचं की त्याच्याकडे, कळत नाही. "भैया, जरा रोक के," मामा म्हणाले, आणि फोटो काढला. कड्यावरची रेघन् रेघ आली होती. पुढे धुआंधार धबधब्याला तुषारांचा ढग उठला तेव्हा मामा म्हणाले, "आता हे धुकं खरं हाय."

एक खोड मात्र राहिली. घासण्यात कडी जराशी पातळ झाली होती, त्यामुळे झूम हलवली की फोकस सुटायचा. मामांची जन्माची सवय अशी, की आधी पूर्ण झूम करून चेहऱ्यावर फोकस करायचा, मग झूम मागे घेऊन दोघांना चौकटीत बसवायचं. मी बजावलं, आता उलटं. आधी झूम ठरवा, मग फोकस. मामांनी दिवसभर मामींवर सराव केला. शेवटी मामींनी दार लावून घेतलं.

लग्न सकाळी होतं. बुद्धमूर्तीसमोर पांढऱ्या साडीत प्रणाली, शेजारी पांढऱ्या कुर्त्यात जावई. त्रिशरण-पंचशील झालं, माळा हातात आल्या. भाड्याचे फोटोग्राफर बाजूला झाले, प्रणालीने तशी ताकीदच दिली होती. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने पूर्ण झूम केली.

"मामा, मागे घ्या. अन् परत फोकस करा," मी कुजबुजले.

ते हलले नाहीत. माळ प्रणालीच्या गळ्यात पडली, ती हसली आणि मामांनी बटण दाबलं.

फोटो लख्ख आहे. पापण्यासुद्धा मोजाव्यात. फक्त त्यात जावई नाही. त्याचे दोन हात आहेत, माळ धरलेले. जेवणाच्या पंगतीत तो बिचारा सगळ्यांना मोबाइलवर दाखवत फिरत होता, "देखो जी, शादी में मेरे हाथ आए थे." प्रणालीने तोच फोटो मोठा करून सासरी लावायचा ठरवला.

परतीच्या वाटेवर मी स्वतःलाच दोष देत होते. कडी मापाची दुसरी मागवायला हवी होती, वेळ होता. घरी पोचल्यावर मी मामांना फोन करून तसं बोललेही. पाठवणी होऊन गेली होती, मागे भांडी आवरल्याचे आवाज येत होते.

"नवी कडी मागवते, मामा. माझ्यामुळे तुम्ही गोंधळलात. झूम मागे घ्यायचं राहूनच गेलं."

"गोंधळलो नाही वं," मामा म्हणाले. "ध्यानात होतं माझ्या. पण ती एवढी जवळ दिसून राहिली होती, मागे घ्यायचं मनच नाही झालं."