टूलरूममधले पितळी बिल्ले

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी टूलरूमच्या आप्पांचं नाव घेतो. ते चौथी शिकलेले, हिंडलग्याहून सायकलनं यायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तरी कॉम्प्युटर मला समजला तो त्यांच्यामुळं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायला मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. एकाच यंत्राला सगळ्या खात्यांतले टर्मिनल आणि प्रिंटर जोडलेले. कोणत्या कारकुनाला काय दिसावं, त्याचा कागद कुठल्या प्रिंटरवर निघावा, हे ठरवून देणं माझं काम. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायची आणि खोकत परत यायची. मी कायम झालो की तिची वखार बंद करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी सगळं नीट लिहून ठेवायचो, पण पाच वेगवेगळ्या फायलींत, आणि प्रत्येकीत माणसाचं खातं पुन्हा पुन्हा. एका कारकुनाची बदली प्लॅनिंगमधून डिस्पॅचला झाली. मी चार फायली बदलल्या, पाचवी राहिली. मच्छे गावाला जाणारा ट्रक माल भरून फाटकात उभा, आणि मालाची यादी निघाली प्लॅनिंगच्या प्रिंटरवर, कँटीनला लागून. कँटीनच्या अण्णांना ती रद्दी वाटली. साहेब शोधत आले तेव्हा यादी गरम भज्यांखाली होती.

"पुन्हा असं झालं तर पुण्याहून माणूस आणतो," साहेब म्हणाले. "मग तुम्ही निपाणीला मोकळे."

मी तोंड पाडून टूलरूमला गेलो. आप्पा आधीच हसत होते.

"काय रं पदवीधर, यादी लई चवदार हुती म्हनं!"

"आप्पा, नोकरी जाईल माझी."

"बस हितं. त्यो फळा बघ."

भिंतीवरच्या फळ्यावर खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीला एक हत्यार. हत्यार नेणारा कामगार रिकाम्या खुंटीला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ल्यावर फक्त नंबर.

"माझा एखादा फिटर दुसऱ्या खात्यात गेला, तर मी किती ठिकाणी लिवतो?"

"किती?"

"एका. ह्या वहीत, त्याच्या नंबराम्होरं. खुंटीला काय करायचंय त्याचं खातं? तिला नंबर बास झाला. तू किती ठिकाणी लिवतोस?"

"पाच."

"मग चुकशील न्हाय तर काय!"

त्या यंत्रावर रिलेशनल डेटाबेस होता, म्हणजे माहिती एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची सोय. स्टोअरमधल्या मालासाठी आम्ही तो रोज वापरत होतो, पण यंत्राचा स्वतःचा कारभार त्यात ठेवावा हे मला सुचलंच नव्हतं. मी एक तक्ता माणसांचा केला, एक खात्यांचा, एक प्रिंटरचा, आणि ते नंबरांनी जोडले. माणसाचं खातं आता एकाच ओळीत. यंत्राला लागणाऱ्या पाचही फायली या तक्त्यांवरून आपोआप तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. फायलींना हात लावणं मी सोडलं.

दसऱ्यानंतर साहेबांनी एका दिवशी नऊ कारकुनांच्या बदल्या केल्या. मी नऊ ओळी बदलल्या, प्रोग्रॅम चालवला आणि पळत प्रत्येक प्रिंटर बघून आलो. सगळे कागद जागच्या जागी! तक्रार फक्त कँटीनच्या कानडी अण्णांची माझ्याकडं आली. "एन्री साहेब, आता भजी कशात बांधू?"

कायम झाल्याचं पत्र हातात आलं तेव्हा आप्पा निवृत्त होऊन खानापूरला लेकीकडं गेले होते. त्याच दुपारी मी त्यांना लिहिलं:

आप्पांस नमस्कार.

आज मी कायम झालो. ही पद्धत कुठल्या पुस्तकात मिळाली, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, टूलरूममध्ये. त्यांना चेष्टा वाटली, म्हणून त्यांना तिथं नेऊन फळा दाखवला. त्यांनी एक बिल्ला काढून त्यावरचा नंबर वाचला. मग म्हणाले, "हे मी रोज बघतो की!" मीही रोजच बघत होतो, आप्पा.

कायम करणार हे साहेबांनी गेल्या आठवड्यातच सांगितलं, तेव्हाच आईला वखार सोडायला लावली. चार दिवस झाले, घरात बसून करमत नाही म्हणून माझ्यावर चिडली आहे. खोकला कमी आहे, त्यामुळं ओरडते मात्र खणखणीत. तुम्ही एकदा घरी या आणि तिला समजवा. माझं ती ऐकत नाही.

तुमचा,
पदवीधर