जावेच्या सोबतीने आलेला गुण
लिंबू चिरल्याचा वास आला की मला अजून माझ्या धाकट्या जावेचा राग येतो. लालबागच्या आमच्या खोलीत तिन्हीसांजेला जरा टेकलं की माझ्या पायांत आतून काहीतरी वळवळायचं, हलवल्याशिवाय चैनच पडायचं नाही. सासूबाई डाफरायच्या, "पाय हालव नको गो, लक्ष्मी जाता." अशी सहा वर्षं मी लक्ष्मी घालवत होते. मग जावेचे पाय वळवळायला लागले आणि आठच दिवसांत दिरांनी परळच्या डॉक्टरांची वेळ घेतली! ऐनवेळी त्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबतीला मी. ती डॉक्टरांना सगळं रडत सांगत होती, मी शेजारी बसून मनात जळत होते, आणि माझे पाय आपले हलतच होते. डॉक्टरांचं लक्ष गेलं. "तुम्हाला कधीपासून होतंय हे?" दोघींचं रक्त तपासलं, तर लोह माझंच जास्त कमी. लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत पाय निवले. सासूबाई चाळभर सांगत सुटल्या, "धाकटीमुळे मोठीचा दुखणा कळला." आता सत्यनारायणाच्या कथेला मी शेवटपर्यंत मांडी घालून बसते. फक्त ती शेजारी येऊन बसली, की उठावंसं वाटतं.