पैनगंगेच्या नाक्यावरचा हुकूम

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो. पैनगंगेचा नाका तोडल्याचा गुन्हा मात्र विसरता आला नाही.

महायुद्धाचा काळ होता. नदीच्या अलीकडे आमचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. धान्य बाहेर नेण्यास बंदी होती, म्हणून नदीच्या उतारावर डांबर फासलेला आडवा वासा टाकून नाका बसवला होता. तिथल्या ठाण्याचा मी फौजदार. बिऱ्हाड गावी ठेवून एकटाच राहत होतो. नाका बसल्यापासून गावात आमच्याशी कोणी कामापलीकडे बोलत नसे. मी रस्त्याने निघालो की ओट्यावरची माणसे उठून आत जात.

एका दुपारी शिपाई नदीवर पाणी आणायला गेला असताना कोणीतरी वासा कुऱ्हाडीने तोडून टाकला. ज्वारी चोरून नेणाऱ्यांचेच काम, असे मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी नाव चालवणाऱ्या भोयाने खबर दिली. जवळच्या गावचा एक शेतकरी. पंचांसमक्ष कुऱ्हाड जप्त केली. पात्याला वाशाचे डांबर होते.

दोन दिवस कोठडीत तो गप्प राहिला. ज्वारी कोणाची, साथीदार कोण. माझे सगळे प्रश्न धान्याचेच. मग त्याच्या घरून भाकरी आणायला मी शिपायाला पाठवू लागलो, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"घरी कोनी नाही, साहेब. बायको तुमच्या नाक्यावरच जिवानिशी गेली."

मी नाक्याचे रजिस्टर मागवले. बारा दिवसांपूर्वीची नोंद होती: 'एक गाडी, कडबा, आत बाई. झडती अपुरी. दुपारी परत गेली.'

त्याची बायको बाळंतपणात अडली होती. तिची आई पलीकडच्या गावात सुईण होती. तिच्याकडे तो निघाला होता.

"शिपाई म्हने, बाईले खाली उतरव, कडब्याखाली पाह्यचं हाय. तिले उठता येत नोतं. मी म्हनलं, हात घालून पाहा. तो म्हने, पुरी झडती झाल्याबिगर सोडाले साहेबाची सही लागते. अन् साहेब नाही."

हुकूम माझाच होता. त्या दिवशी मी साक्षीसाठी वाशीमच्या कोर्टात होतो.

आजाऱ्यांच्या गाड्या झडतीविना सोडाव्यात, असे मी वर लिहिले. उत्तर आले नाही. त्याला तीन महिन्यांची सजा झाली. कोर्टात त्याने बायकोचे नाव काढले नाही. मला कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही.

नाक्यावर काय पकडले, ते आम्ही रोज वर कळवत होतो. नाक्यापायी लोकांचे काय गेले, ते लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता. हे शहाणपण मला उशिरा आले.

सुटल्यानंतर एकदा तो गाडी घेऊन नाक्यावर आला. मी तिथेच उभा होतो. कोणी काही म्हणायच्या आत तो खाली उतरला आणि गाडीतला कडबा पेंढी-पेंढीने जमिनीवर ठेवू लागला.

मी म्हणालो, "राहू दे, जा तू."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. गाडी पूर्ण रिकामी होईपर्यंत तो थांबला नाही.