पट्ट्यांना लावलेली पिठी

इथे आखातात, सीफ भागात, ताईंच्या फ्लॅटवर मी स्वयंपाकाला आणि वरकामाला जाते, दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊनच. ताई पुण्याच्या, बँकेत मोठ्या पदावर, आणि आमचे हे त्यांच्याच ऑफिसची गाडी चालवतात. म्हणजे ताई बिघडल्या की आमच्या घरातल्या दोन्ही पगारांवर गदा.

थंडीत त्या निघाल्या जॉर्जियाला. पायाला लांब फळ्या बांधून बर्फाचे डोंगर चढायचे, पुढे एक वाटाड्या, मुक्काम डोंगरातल्या लाकडी झोपडीत, दुसऱ्या दिवशी दुसरी झोपडी.

"ताई, पाय घसरला तर?"

"अगं, घसरायलाच तर जातो आम्ही."

"मग चढता कशाला?"

"चढल्याशिवाय घसरणार कुठून?"

निघायच्या दिवशी सकाळी ताई म्हणाल्या, "सामान बेडवर काढलंय, बॅगेत नीट भर. दुपारी तुझा नवरा येऊन बॅग नेईल, मी बँकेतूनच एअरपोर्टला जाईन." आणि गेल्या.

सामानात दोन लांब केसाळ पट्ट्या होत्या, एकमेकींना अशा चिकटलेल्या की काय सांगू! मला वाटलं काहीतरी सांडलंय. एक टोक पायाखाली धरलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं, तर मी मागच्या मागे कपाटावर. सुटल्या एकदाच्या, तोवर पोरगी येऊन एकीवर बसली. फ्रॉक चिकटला, निघेना, तिने भोकाड पसरलं. फ्रॉक सोडवला, मग स्वयंपाकघरातून तांदळाची पिठी आणली आणि चिकट बाजूला छान भुरभुरवली, भाकरी परातीला चिकटू नये म्हणून आपण भुरभुरवतो तशी. चिकटपणा गेला, मऊ झाल्या. घड्या घालून बॅगेत ठेवल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी हे आले. आम्हा मायलेकींना जिदहफ्सला घरी सोडून पुढे ताईंना घ्यायला जाणार होते. गाडीत मी पट्ट्यांची गंमत सांगितली, तर यांनी ब्रेकच मारला.

"काय लावलंस?"

"पिठी."

"अगं, त्या फळीच्या खाली चिकटवतात! ताई परवाच फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. केसांची बाजू बर्फावर, त्याने फळी मागे घसरत नाही, म्हणून माणूस वर चढतो. तूच त्यांचा चिकटपणा घालवलास?"

मी मागच्या सीटवर बॅग उघडली, पोरीच्या वाइपने पट्टी पुसायला लागले, तर पिठीची खळ झाली. आणखी घासली, आणखी खळ. यांना आरशात दिसत होतं.

"राहू दे आता. खलास. काही बोलायचं नाही, कळलं? आपल्याला काही माहीत नाही."

"अहो, त्या अर्ध्या डोंगरावर असतील आणि फळी सटकली तर?"

"आणि सांगितलंस तर तुझं काम जाईल, वर माझंही. यल्ला, चल लवकर, घर आलं, उतर."

मी नाही उतरले. कुठून बळ आलं कोण जाणे, एरवी लिफ्टमध्ये एकटी चढायलाही मी घाबरते. पोरीला घट्ट धरून बसले आणि म्हटलं, "चला बँकेत."

ताई गाडीत पुढे बसल्या, मला बघून म्हणाल्या, "अरे वा, सगळं कुटुंब सोडायला?" मी एका दमात सगळं ओकले, चिकटलेला फ्रॉक, पिठी, वाइप, सगळं. यांनी नजर समोरच्या रस्त्यावरून हलवली नाही. एअरपोर्टच्या पार्किंगला ताईंनी पट्टी हातात घेतली, बोट फिरवलं.

"ही पिठी कुठली?"

"तुमच्याच डब्यातली."

त्यांनी वाटाड्याला फोन लावला. इंग्रजीत बोलत होत्या, मला त्यातलं फक्त "राइस" कळलं, तेही तीनदा. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने हसला की मागच्या सीटपर्यंत ऐकू आलं. ताई नाही हसल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "त्याच्याकडे जास्तीची जोडी आहे, भाड्याने देईल. पण झोपडीत पोचल्यावर हे कळलं असतं ना, तर..." मी मान खाली घातली. यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, एसी चालू असून.

ताई उतरल्या, बॅग ट्रॉलीवर चढवली, आणि परत माझ्या खिडकीशी आल्या. पर्समधून फ्लॅटची किल्ली काढली. आजपर्यंत त्या घरी असतानाच मी गेलेय किंवा वॉचमनने दार उघडलंय.

"आठ दिवस झाडांना पाणी घाल. एकदा खिडक्या उघड."

"मी?"

"मग कोण? चुकलं तर सांगणारं माणूस हवंय मला. फक्त कशाला काही लावू नकोस, माझे आई."

त्या आत गेल्या. हे गाडी सुरू करत पुटपुटले, "नशीब बघ एकेकाचं. माझ्याकडे सात वर्षं गाडी आहे, मला नाही कधी घराची किल्ली दिली."

पोरगी किल्ली ओढत होती तोंडात घालायला. मी मूठ उघडलीच नाही, जिदहफ्सपर्यंत.