पुस्तक मिटून बसायची वेळ

नोएडात जानेवारीत ऊन उशिरा येतं. अकरानंतर धुकं विरायला लागतं आणि आमच्या बाल्कनीत हळदीच्या दुधासारखा प्रकाश साचतो. बाळांनो, त्या प्रकाशात दर गुरुवारी माझी खालच्या मजल्यावरची मैत्रीण येऊन बसते. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मी ख्रिस्ती. दोघींचे नवरे सरकारी नोकरीपायी दिल्लीत आले आणि दोघी इथेच म्हाताऱ्या झालो. तिला आता अक्षरं दिसत नाहीत. तिच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. म्हणून तिची शास्त्रं मी माझ्या बायबलमधल्या जुन्या करारातून तिला वाचून दाखवते. तिच्या भाषेत ती ऐकवणारं इथे दुसरं कोणी नाही.

माझ्या बायबलला चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, ऑफिसात फाइलींना फ्लॅग लावायचे तशा. संदेष्ट्यांनी वचन सांगितलं तिथे पिवळी, पुढे नव्या करारात ते येशूमध्ये पुरं झालं तिथे हिरवी. पिवळीवरून हिरवीवर बोट आपोआप जातं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी मी मेंढरासारखं मुकाट्याने सगळं सोसणाऱ्या सेवकाचा उतारा वाचत होते. ऊन पापण्यांवर आलं होतं. माझाच आवाज मला लांबून येत होता, लहानपणीच्या चर्चमधून यावा तसा. पानं कधी उलटली कळलंच नाही. सेवक मार खात होता, मग त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट आला, मग टेकडीवर भरदुपारी अंधार पडला. मला ती एकच गोष्ट वाटत होती. आजही वाटते.

"मॅडम," ती म्हणाली. रागावली की ती मला मॅडम म्हणते. "ही टेकडी आमच्यात कुठून आली?"

मी पाहिलं. बोट हिरव्या चिठ्ठीवर होतं.

"मला दिसत नाही, म्हणून माझ्या पुस्तकाला आपली शेपटी जोडलीत होय?"

"अगं, चुकून झालं."

"असं? आणि हे चुकून किती गुरुवार चाललंय?"

भिंत चाचपत ती लिफ्टपर्यंत एकटी गेली.

दोन गुरुवार ती आली नाही. तिची खुर्ची उन्हात रिकामी राहिली. आता ती कधीच येणार नाही, असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या गुरुवारी मीच खाली गेले. ती मलिदा करत होती, भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि खोबरं. त्यांच्याकडे हा एका संदेष्ट्याच्या नावाने करतात. मशीहाच्या, म्हणजे देव पाठवणार त्या तारणाऱ्याच्या, आधी तो येऊन वर्दी देईल, अशी त्यांची श्रद्धा.

"तुला फसवायचं नव्हतं," मी म्हणाले. "पण खोटं कशाला बोलू? मला तिथे येशूच दिसतो."

"बिल्कुल दिसू दे. तुझे डोळे चांगलेच आहेत." हात पोह्यांतच होता. "पण तुझा येऊन गेला, माझा यायचाय. मला वाट तरी बघू देशील की नाही? माझं संपलं की पुस्तक मीट. गप्प बस. मी 'बोल' म्हटलं तर तुझं सांग."

मग मलिदा माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "खा. गूळ कमी पडलाय का बघ."

तेव्हापासून मी पुस्तक मिटते. आम्ही दोघी धुरकट उजेडात बसतो, खालून भाजीवाल्याची हाक येते, कबुतरं येतात नि जातात. संदेष्ट्यांनंतर येशू येईपर्यंत माणसं शेकडो वर्षं अशीच बसली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. इतकी वर्षं मी ती सगळी एका बोटाने ओलांडत होते. वचन त्याच्यात पुरं झालं, हा माझा विश्वास तोच आहे. पण आता 'तो आला' हे मनात म्हणताना ती सगळी वर्षं आधी डोळ्यांसमोर येतात.

काल तिने 'बोल' म्हणायला फार वेळ लावला. मी थांबले.