दुकान नसलेली जाहिरात

कुमुद गेल्याचं कळलं तेव्हा मी जेऊरला होते, भाचीच्या बाळाच्या बारशाला. पाळण्याला फुगे बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि तेवढ्यात फोन वाजला. आमच्या भवानी पेठेतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा. "ताई, तुमी कवा येताय? वरच्या बाई दार उघडनात. दुधाची पिशवी सकाळपास्नं कडीलाच हाय." मी म्हटलं, झोपली असेल. म्हणताना मला माहीत होतं, की कुमुद उन्हाळ्यात उजाडायच्या आत उठते. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी त्याला नीट बोलताच येईना... मिळाली त्या गाडीने निघाले. सोलापूर स्टेशनवरून रिक्षा केली, तर आमच्या चौकाच्या अलीकडे ती गर्दीत अडकली. शेजारून एक भोंगा लावलेली रिक्षा हळूहळू सरकत होती आणि भोंग्यातून कुमुद बोलत होती. "भगिनींनो, साड्यांचा भव्य सेल! शेवटचे दोनच दिवस!" घरी तिला चटईवर निजवलेलं होतं आणि चौकात तिचा आवाज बायकांना घाई करत होता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अहो, जरा पुढं घ्या ना." तो म्हणाला, "मावशी, ती रिक्षा पुढं जाईना तर मी कुटं जाऊ?"

भेटायला आलेल्यांनी विचारलं, तुमचं नातं काय. मला पटकन सांगता आलं नाही. कागदोपत्री ती माझी भाडेकरू. वरच्या दोन खोल्या आणि गच्चीचं दार तिच्याकडे, खालचं घर माझ्याकडे. ती नवऱ्याबरोबर राहायला आली तेव्हा आम्ही दोघी तिशीच्या आत होतो. नवऱ्याची जाहिरातीची रिक्षा होती. तो चालवायचा, ही मागे बसून माइकवर बोलायची. साड्या, सर्कस, चादरींचं प्रदर्शन, डोळ्यांचं शिबिर, हरवलेलं मूल, सगळं तिच्या गळ्यातून शहरभर गेलं. मराठीत झालं की तेलुगूत, अक्कलकोटकडची मंडळी बाजाराला आली असतील तर मोडक्या कन्नडमध्येही. माइकवर अगदी शुद्ध बोलायची आणि घरात शिरली की, "इंदू, चहा टाकूलालीस का?" नवरा गेल्यावर रिक्षा विकली. नंतर ती घरीच फोनवर आवाज भरून द्यायची आणि दुसऱ्यांच्या रिक्षा तो घेऊन फिरायच्या. मुलगी हैदराबादला. मी एकटी, वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकता ऐकता निवृत्त झालेली. संध्याकाळचा एक चहा आम्ही कधी वेगवेगळा घेतला नाही. या नात्याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

तिची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सेलची जाहिरात केली की पहिल्या संध्याकाळी ती त्या दुकानासमोर जाऊन उभी राहायची. खरेदी काही नाही. समोरच्या रसवंतीत उसाचा रस घ्यायचा, तो जमेल तितका पुरवायचा आणि दुकानाच्या दाराकडे बघत राहायचं. कितीतरी वेळा मलाही ओढून नेलं आहे. एखादी बाई पायऱ्या चढली की मला कोपर मारायची. "बघ, ती हिरव्या पदराची. माझं ऐकून आली." मी म्हणायचे, "कशावरून? चप्पल तुटली म्हणून बाजारात आली असेल." "यिना का. आत गेली न्हवं?" दुकानात गर्दी झाली की घरी येताना ती वीस वर्षांची व्हायची, आणि नाही झाली की जेवायचीसुद्धा नाही. पैसे तर तिला दोन्ही वेळा सारखेच मिळायचे.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या एका जाहिरात कंपनीची मुलगी आमच्याकडे आली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप, आणि उन्हाने चेहरा टोमॅटोसारखा झालेला. पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेची मोहीम होती: सोलापूरकरांनी आपापल्या गच्चीला पांढरा चुना द्यायचा. ऊन परतून जातं, खालच्या खोल्या कमी तापतात, कूलर-पंखा कमी चालतो, विजेसाठी कोळसा कमी जळतो. इथपर्यंत मलाही पटलं. एप्रिलमध्ये या शहरात विजेचा काय ताण असतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण मुलीने लिहून आणलेला मजकूर होता, 'चला, वसुंधरेला वाचवू या!' कुमुदने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "वसुंधरा कुठल्या पेठेत राहती?" मुलगी बिचारी हसली. मग दोघी दुपारभर बसल्या. 'चुना लावा' म्हणायचं नाही, लोक दात काढतील. 'चुन्याचा हात द्या' म्हणायचं. वसुंधरा काढली आणि तिच्या जागी आली रात्री छतातून खाली येणारी धग आणि घामोळ्यांनी रडणारं बाळ. शेवटी मुलीच्या मजकुरात एक ओळ होती, की आता फार थोडी वर्षं उरली आहेत. तिथे मात्र कुमुद थांबली. पेन खाली ठेवून म्हणाली, "हे न्हाय चालायचं, बाळ. मी जल्मभर हितं शेवटचे दोन दिवस, शेवटचे दोन दिवस म्हणून ओरडले. तिसऱ्या दिवशी सेल चालूच असायचा. लोकांना ठावं हाय. आता खरंच शेवटचं आलं, तर माझ्या तोंडून कोण खरं मानंल?"

मुलगी गेल्यावर आमचं भांडण झालं. भांडण कसलं, नेहमीचंच. माझं म्हणणं, जाहिरातीने माणूस साडी घेतो, कारण साडी त्याला हवीच असते. जे नको असतं ते त्याच्याकडून करून घ्यायला जाहिरात पुरत नाही. थकबाकीदारांना आम्ही नोटिसा पाठवायचो, फलक लावायचो, हात जोडायचो. लाइन तोडली की दुपारच्या आत रांग. माणूस सांगून ऐकत नाही, हे मी नोकरीभर बघितलं. कुमुद म्हणाली, "मग उन्हानं लाइन तोडूस्तर बसायचं का गप?" मी चहा टाकला. अर्धा चहा झाल्यावर तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "इंदू, पण ह्याचं दुकान कुटं हाय गं? मी कुटं उभी राहू?"

तिच्यापुढे प्रश्न एवढाच होता, आणि तो तिने मरेपर्यंत सोडला नाही. मार्चपासून रिक्षा फिरल्या. चौकांत फ्लेक्स लागले. नाट्यगृहात नाटकाआधी तिचा आवाज लागला. आणि कुमुद रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन कठड्याला टेकून चारही बाजूंच्या गच्च्या बघायची. काळ्या, राखाडी, टाक्यांच्या, गंजलेल्या सळयांच्या. पांढरी एकही नाही. मी चहा घेऊन वर गेले की माझ्याकडे न बघताच म्हणायची, "आज बी कोण न्हाय." आमची स्वतःची गच्ची तिने पहिल्याच आठवड्यात करून घेतली होती. कळीचा चुना पिंपात भिजत घातला, तो रात्रभर रटरटला. सकाळी गडी लावून दोन हात दिले. मी खर्चावरून कुरकुर केली, तर म्हणाली, "आपण नेसत न्हाय ते लुगडं मी कधी विकलं न्हाय." खालच्या माझ्या खोलीत फरक पडला, हे खरं. रात्री उशी पालथी करायची वेळ आली नाही.

आणि तेव्हापासून तिने ते दुपारचं चालणं सुरू केलं. उन्हं डोक्यावर आली, की ही गच्चीच्या दारात चपला काढायची आणि अनवाणी बाहेर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा डोळ्यांवर, पदर डोक्यावर. मागच्या गल्लीच्या बाजूने कठड्याला धरून सावकाश जायचं आणि यायचं. मी ओरडायचे. "डोकं फिरलंय का तुझं? चक्कर येऊन पडशील!" ती म्हणायची, "पाय भाजत न्हाईत बघ. ये की तू बी." मी कधी गेले नाही. मला वाटायचं, एकटं राहून राहून माणूस असं काहीतरी धरून बसतं. मीही रिकामे डबे धरून बसते.

पावसाळ्यात चुना वाहून गेला आणि मोहीमही संपली. कुमुदने पुण्याच्या मुलीला फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. "बाळ, लोकांनी केलं का गं?" मुलगी उत्साहाने म्हणाली, "मावशी, रीच खूप छान मिळाला!" "म्हंजे काय?" "म्हणजे खूप लोकांपर्यंत पोचलं." कुमुद म्हणाली, "कानापर्यंत व्हय. तितं तर मी रोजच जाती की."  मुलगी हळूच म्हणाली, "तेवढंच मोजतात, मावशी." संस्थेने पुढच्या वर्षासाठी दुसरा विषय घेतला होता. फोन ठेवल्यावर कुमुद म्हणाली, "पोरगी चांगली हाय." आणि या फेब्रुवारीत, कुणी सांगितलेलं नसताना, कुणी पैसे देणार नसताना, तिने पुन्हा पिंपात चुना भिजत घातला.

जेऊरला निघाले त्या दिवशी ती दारापर्यंत आली होती. पिशवीत बाळाचं अंगडं कोंबत म्हणाली, "गाडीतनं बघत जा. कुटं पांढरं दिसलं तर फोन कर." मी म्हटलं, "बरं." खरंच खिडकीशी बसून बघत गेले. दिसलं काही नाही. फोन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून केला नाही...

दिवसकार्य झाल्यावर कुमुदची मुलगी वरच्या खोल्या आवरून हैदराबादला गेली. भांडी वाटली, फोटो नेले, किल्ली माझ्या हातात दिली आणि रडली. मीही रडले. मग घर शांत झालं. असं शांत, की खाली बसून मला वरच्या नळाचं गळणं ऐकू यायचं. संध्याकाळी सवयीने दोन कप चहा होतो आणि दुसरा मी ओतून देते. लोक म्हणतात मन रमवा. मन काय तीन वर्षांचं पोर आहे, खुळखुळा दाखवून रमवायला?

एका सकाळी नळ बंद करायला वर गेले, तर गच्चीच्या दारात तिच्या चपला तशाच होत्या. मुलीच्या नजरेतून सुटलेल्या. उन्हाने कडक होऊन वर वळलेल्या. मी दार उघडून बाहेर आले, आणि मागच्या गल्लीत, दोन घरं सोडून, एक गच्ची पांढरी दिसली. ओली, नुकतीच दिलेली. एक बाई कुंचा घेऊन कोपरा संपवत होती. मी वळले आणि "कुमुद, अगं..." म्हटलं. मोठ्याने म्हटलं. दारात चपलाच होत्या.

तशीच खाली उतरून त्या घरी गेले. बाई तेलुगू, नाव पद्माबाई, टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करणारी. बोटांना चुना, हसरी. मी विचारलं, "रिक्षातली जाहिरात ऐकून केलंत का हो?" माझा जीव त्या उत्तरात अडकला होता. ती म्हणाली, "कुठली जाहिरात? रिक्षावाले काय की ओ, दिवसभर ओरडत्यात. कोण ऐकतंय?" मी जायला निघाले, तर तीच म्हणाली, "तुमच्या वरच्या बाई दुपारच्याला पायात काय न घालता फिरायच्या की गच्चीवर. आमी पापड वाळत घालून राखण करत बसायचो, तवा रोज बघायचो. मला वाटलं, काय नवस हाय बाईंचा. मग एकदा म्हटलं, बघू, आपण बी चालू. पाय ठिवला आन् चर्रकन भाजला ओ! तवाच म्हटलं, बाईंच्या गच्चीत काय तरी हाय. यंदा चार पैसे आले, केलं." मग तिने विचारलं, "बाई दिसत न्हाईत आता. गावाला गेल्या काय?"

घरी येऊन मी पायरीवर बसले. वाळवणाची वेळ. मागच्या गल्लीचीच बाजू. रोज. हे मला सुचलं नाही, बाजूला चहा पीत असून सुचलं नाही. दुकान सापडत नव्हतं म्हणून तिने दुकानच उघडलं होतं, आणि स्वतः काचेत उभी राहिली होती. एक गिऱ्हाईक आलं. रसवंतीत बसून कोपर मारायला मात्र ती नाही. मला तिचा राग आला, खरं सांगते. इतकी घाई करायची काय गरज होती?

एका गच्चीने सोलापूरचं ऊन कमी होत नाही, हे मला कळतं. कुमुद असती तर मी तिला ते सुनावलंही असतं. पण आता वाद घालायलाही कुणी नाही, आणि एकटीनेच दोन्ही बाजू बोलायच्या म्हटल्यावर मी हल्ली तिची बाजू जास्त बोलते.

काल दुपारी जेवण झाल्यावर वर गेले. तिच्या चपलांशेजारी माझ्या काढल्या. पहिलं पाऊल टाकताना डोळे घट्ट मिटले होते. भाजलं नाही. कोमट होतं, माणसाच्या हाताइतकं. कठड्याला धरून मागच्या गल्लीच्या बाजूने चालत गेले आणि परत आले. पद्माबाईंच्या पलीकडच्या घराच्या गच्चीवर पापड उलटणारी एक बाई हात थांबवून माझ्याकडे बघत होती. गुडघा दुखत होता, खाली जावंसं वाटत होतं. मी आणखी एक फेरी मारली.