हजरभाऊची सुरी

चोपड्याजवळच्या आमच्या केळी पॅकिंगच्या शेडचं कुलूप काढायला मी जावं, तर हा आधीच दाराशी उभा. "हजर शे, भाऊ!" असं रोज म्हणायचा, म्हणून सगळे त्याला हजरभाऊच म्हणायचे. पस्तिशीचा माणूस, अंगात रोज इस्त्रीचा शर्ट. केळीच्या चिकाने शर्टाचं वाटोळं होतं, हे शंभरदा सांगून झालं. "कामवर नीटच जावाले पाहिजे," एवढंच उत्तर.

घडापासून फण्या कापण्यात पूर्वी त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले, वर्षभर घरात कोंडून घेतलं. जळगावच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस माणसात आला. पण गोळ्यांनी हात थरथरायचे. सुरी जरा सरकली की केळावर ओरखडा, आणि तसला माल बाहेरदेशी जात नाही. म्हणून मी त्याला टाकीवर फण्या धुवायला लावलं.

"सुरी कव्हय देशात, भाऊ?" सुरी परत कधी मिळणार, हा त्याचा रोजचा प्रश्न. एकदा मी वैतागून बोललो, "आधी हात थांबव, मग देतो!" काय ही माझी जीभ! डॉक्टरांना विचारून बघ, गोळी बदलता येईल, एवढं सांगायला माझं काय जात होतं?

तीनेक आठवड्यांनी त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. जराही हलत नव्हते. मी खुशीत सुरी दिली. अहाहा, काय कापायचा! एकेक फणी अलगद सुटायची. "अक्काले सांगा, तिना पोऱ्या अजून कामना शे," म्हणाला. अक्का म्हणजे त्याची आई. मी घरी जाऊन सांगितलंही. म्हातारी रडली.

पुढे दहा-बारा दिवसांनी घड अर्धा कापून तो थबकला. टाकीकडे बघत म्हणाला, "या बठ्ठा मनं नाव लेतस." सगळे त्याचं नाव घेताहेत म्हणे, पण टाकीपाशी कोणीच नव्हतं. त्याने आपण होऊन सुरी माझ्या पायाशी ठेवली आणि चालू लागला. मला वाटलं, पाणी प्यायला चाललाय. चार दिवसांनी दोंडाईच्याच्या स्टेशनवर सापडला, तळपायांची सालटी निघालेली. हात थांबावेत म्हणून त्याने गोळ्याच बंद केल्या होत्या. अक्कांना पिठाच्या डब्यामागे सगळ्या तशाच मिळाल्या.

दवाखान्यातून आणल्यावर पाच महिन्यांनी, परवा, धीर करून भेटायला गेलो. बोलणं मंद झालंय, इस्त्री नाही, दाढी वाढलेली. मी म्हणालो, "थरथरीवर औषध असतं, डॉक्टरांशी मी बोलतो. टाकीचं काम तुझंच आहे. सोमवारी ये."

त्याने दोन्ही हात गोधडीत सरकवले. "आते नही, भाऊ. हात थांबतीन तव्हय येसू."

अजून माझाच शब्द धरून बसला होता.

तेवढ्यात अक्का गोळी घेऊन आल्या. त्याने गिळली. अक्कांनी त्याला आ करायला लावलं आणि जिभेखाली राहिली नाही ना, ते माझ्यादेखत बोटाने चाचपून पाहिलं.